आलूची गोधडी

तान्ह्या लेकीला झाडाखाली निजवून, क्वार्टरमागच्या आलूच्या रोपांना मी दुपारीच मातीची भर दिली होती. संध्याकाळी रेडिओवर थंडीची लाट सांगितली, तशा सासूबाई उठल्या आणि पाळण्यातली लेकीची गोधडी ओढून आलूच्या वाफ्यावर पांघरून आल्या.

"आई, तिला थंडी वाजेल ना!"

"पोरीच्या जातीले काही होत नाही वं. आलूची कोवळी पानं जळून जातीन."

लेकीचे गार पडलेले पाय मी मुठीत धरले. सासूबाई आडव्या होताच त्यांच्या अंगावरची रजई ओढली आणि लेकीला त्यात गुंडाळलं.

"काहून वं? मले थंडी वाजून राहिली!"



"असं कसं, आई? तुम्हीही पोरीचीच जात ना!"