ओढ्याकाठचं पाऊल

ओढ्याकाठच्या चिखलात पाऊल उमटलं होतं ते एकच. त्याच्या मागे काही नाही, पुढेही नाही. चांगलं हातभर लांब, पाचही बोटं सुटी पसरलेली.

"लंगडी घालत आला वाटतं तुझा सॅस्क्वॉच," वर्ना म्हणाली. मागच्या वर्षी कुणा टवाळाने लाकडी पायांनी उठवलेल्या ठशांना, जंगलात दडलेल्या त्या केसाळ, महाकाय वानरमानवाचे समजून, तिचा धाकटा भाऊ ग्लेन भुलला होता. गावातल्या बारमध्ये अजून त्यावर खिदळतात. म्हणून यंदा ती मुद्दाम सोबत आली होती.

"हस तू. साचा निघू दे, मग बोल." ग्लेनने मापासाठी शेजारी हातमोजा ठेवून फोटो काढला आणि ठशात प्लास्टर ओतलं. ते घट्ट होईपर्यंत दोघं समोरच्या ओंडक्यावर सँडविच खात बसले.

मग ग्लेनने साचा उचलून ओंडक्यावर आणला आणि मांडीवर उलटा केला. साच्यातली बोटं आखडलेली होती.

"ओतताना बिघडवलंस," वर्ना म्हणाली खरी, पण तिने फोटो पाहिला. फोटोत बोटं पसरलेलीच होती.

ती ठशाजवळ जाऊन वाकली. टाचेचा खड्डा हळूहळू भरून येत होता. बोटांचे मात्र खोल खोल जात होते. पाऊल उचलायच्या आधी माणूस सगळा भार चवड्यावर घेतो, तसे.

बोटं ओंडक्याकडे वळलेली होती.

"ग्लेन," ती मान न वळवता म्हणाली, "हळूच ऊठ तिथून. तो अजून गेलेला नाही."