दीड फूट तणस

अंगणवाडीच्या खोलीत अठरा मुलं होती, दोन पंखे, एक खिडकी आणि पाच थर्मामीटर. वर स्लॅबवर धानाच्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, दीड फूट थर. खोली थंड ठेवायचा प्रयोग करायला आलेल्या दीपमालाने तो सोमवारी स्वतः पट्टी लावून पसरवून घेतला होता.

"आज काय ते सांगून टाका, मॅडम," सेविका गोदावरीबाई म्हणाल्या. "एसी लावता का तणस ठेवता? जेवून लेकरं झोपली पायजेत, बस. नाई तं उद्यापासून अकरालेच घरी पाठवा लागते. आन् घरी कोन हाय? आया तं तेंदूपत्ता तोडाले गेल्या."

एसीचा प्रश्न वेगळाच होता. दुपारी व्होल्टेज इतकं उतरायचं की फिरत्या पंख्याची पाती मोजता यायची. आणि तणसाखाली स्लॅबचं दुपारचं तापमान चार दिवस हललंच नव्हतं. इतकं एकसारखं माप दीपमालाला खुपलं. थर्मामीटरच बिघडला की काय? ती वरून एकदा पाहून यावं म्हणून शिडी चढली.

वर शेजारची बेबीबाई तणसाची पेंढी बांधत होती.

"काकू, हे काय करून राहिल्या?"

"बैलायले नेऊन राहिली. आमच्या मांडवावरचं सरलं. तणस वर रचतेत ते कायले, पोरी? ढोरायसाठीच नं!"

"कधीपासून नेता?"

"सोमवारपासून. बैल का आयतवारीच खातेत?"

दीपमाला ओरडणारच होती, पण आधी थर मोजावा म्हणून वाकली. पट्टी काढून तणसात खुपसली. नऊ इंच. निम्मा थर बैलांच्या पोटात गेला होता आणि खाली कोणाला पत्ता नव्हता. खालच्या थर्मामीटरलाही नाही. म्हणजे नऊ इंचही पुरत होतं.

"अजून किती लागेल?"

"पानी येवस्तोर रोज दोन पेंढ्या." बेबीबाईने पेंढी हळूच खाली ठेवली. "हे वापस टाकू का?"

"नको. ते तुमचंच. आता वऱ्हांड्यावरचं न्या, तिथं नुसत्या चपला असतात. खोलीवर हात लावायचा नाही."

"चपलाईले कायले पायजे तणस!" बेबीबाई हसली आणि वऱ्हांड्याकडे सरकली.

दीपमाला खाली आली. गोदावरीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. ती पाय न वाजवता चटईपाशी बसली आणि थर्मामीटर वाचला.

बाहेर चव्वेचाळीस. चटईवर छत्तीस. अठरांपैकी सतरा मुलं झोपली होती.