घंटागाडीतला गळा

"तुम्ही माझा आवाज चोरला."

दैवशालानं पाटीवर खडूनं लिहिलं आणि पाटी नगरपालिकेच्या साहेबाच्या टेबलावर उभी धरली. गळ्याच्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती. गळ्याला भोक, भोकावर पांढरा रुमाल. तेव्हापासून पाटीच तिची जीभ.

साहेबानं वाचलं. "बाई, घंटागाडीतला आवाज मशीननं तयार केलाय. आता सगळीकडे तसंच चालतं."

तिनं पदरानं पाटी पुसली. "मशीनला शिकवायला माझी कॅसेट लावली."

"कशावरून?"

तिनं वरचा ओठ उचलून पुढचा अर्धा दात दाखवला. ऑर्केस्ट्रात गायची त्या दिवसांत घनसावंगीच्या कार्यक्रमाला जाताना ती जीपमधून पडली होती. त्या दिवसापासून तिच्या तोंडून ‘स’ निघाला की बारीक शिट्टी वाजायची. अख्खा गाव तिला शिट्टीताई म्हणायचा. आता रोज सकाळी सातला कचऱ्याची गाडी दारात येते आणि ‘सुका कचरा’ म्हणताना तीच शिट्टी वाजते. मशीन कुठल्या जीपमधून पडलं होतं?

साहेबानं पेनाला टोपण लावलं. "तुम्हाला तर बोलता येत नाही. मग आवाज तुमचा कसा?"

बाजूचा क्लार्क फिसकन हसला. वाक्य झकास जमलं म्हणून साहेबही हसला. खुर्ची मिळाली की माणसाला असली वाक्यं सुचतात.

ती उठली. पाटी काखेत मारली आणि सरळ चालत सुटली. गाडी त्या आवाजात पहिल्यांदा बोलली, तो दिवस तिला दिसत होता. ती चुलीपुढं, नवरा भागवत न्हाणीत. बाहेर गाडी बोलली आणि भागवत तोंडाला साबण तसाच, टॉवेल गुंडाळून पळत आला. "हाक मारली का गं?" त्यानं तिच्याकडं बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. आणि परत आत गेला. न्हाणीतून पाण्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

नुसती गाणी चोरली असती तर सोडलं असतं तिनं. नवऱ्याला मारायची हाक सोडणार नव्हती.

ख्वाजामियाँ पूर्वी कॅसेट भरून द्यायचा, तिच्या गाण्यांचीही त्यानंच भरली होती; आता त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं विकतो. तिला बघताच तो स्टुलावरून उठला.

"भाबी, गलती झाली. साहेब म्हणला, जुन्या कलाकारांचा सत्कार करून राह्यलो, बाईंची कॅसेट द्या. मी दिली. मला काय माहीत, गळाच काढून घेतील."

तिनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. काउंटरवरच्या वहीचं पान फाडलं. कॅसेटच्या काळात लोक असंच पान घेऊन यायचे, त्यावर गाण्यांची यादी, आणि ख्वाजामियाँ यादीबरहुकूम कॅसेट भरायचा. तिनं वर ‘ए साइड’ लिहिलं आणि खाली पाच-सहा ओळी.

त्यानं वाचलं. परत वाचलं. "हे तुमच्या आवाजात?"

तिनं त्याच्या मोबाइलकडं बोट केलं.

"होतं यात. आवाज दिला की मोबाइल त्या आवाजात लिहिलेलं बोलतो. कॅसेटची कॉपी बी आहे माझ्याजवळ. पण साहेब…" त्यानं तिच्या गळ्यावरच्या रुमालाकडं बघितलं. "बराबर आहे. भरतो. बी साइडला काय घेऊ?" जुन्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं.

तिनं लिहिलं, ‘अहो, जेवायला या.’

मग त्या ओळीकडं बघत राहिली. आणि ती अशी खोडली की कागद फाटला.

दुसऱ्या दिवशी घंटागाडी नेहमीसारखी चहाच्या टपरीपाशी उभी होती. दैवशालानं केबिनचं दार उघडलं, कचेरीचा पेनड्राइव्ह उपटला, ख्वाजामियाँनं भरून दिलेला खुपसला आणि आतच बसली. ड्रायव्हर सोमेश्वर हातात ग्लास घेऊन बघतच राहिला.

"काकू, नोकरी जाईल माझी."

पाटी तयारच होती. "पेनड्राइव्ह मी बदलला. कचेरीत लिहून देते."

"मंग मी चहा पिऊन राह्यलो," सोमेश्वर टपरीवाल्याला म्हणाला. "मला काय दिसलं न्हाई." ग्लास रिकामा करून तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि चावी फिरवली.

गाडी तिच्या गल्लीत शिरली आणि भोंगा बोलायला लागला. बादल्या घेऊन निघालेल्या बाया उंबऱ्यावरच थांबल्या.

"अगं बया," कोपऱ्यावरच्या प्रभावतीबाई म्हणाल्या, "ही तर आपली शिट्टीताई."

भागवत दारात उभा होता. या वेळी त्यानं घरात वळून बघितलं नाही. केबिनमध्ये बघितलं. तिनं मान हलवली. तो चप्पल न घालताच गाडीमागं चालू लागला. त्याच्यामागं बाया, बादल्यांसकट.

गाडी साहेबाच्या बंगल्यापुढं थांबली. साहेब बनियनवर, तोंडात ब्रश.

"बंद कर ते!"

"बटण खराब आहे, साहेब," सोमेश्वर म्हणाला. "दोनदा अर्ज दिला तुम्हाला."

फाटकापाशी आता गल्ली भरली होती. केबिनमध्ये दैवशाला तोंड घट्ट मिटून बसली होती, आणि वर भोंग्यातून तिचा तिशीतला आवाज खणखणत होता.

"साहेब, मी दैवशाला बोलून राह्यले. माझी कॅसेट सत्काराच्या नावानं नेली. मला विचारलं न्हाई. माझ्या दारात माझ्याच गळ्यानं कचरा मागता. तुम्ही म्हणलात, बोलता येत न्हाई, मंग आवाज तुमचा कसा. आता बोलले. सगळ्यांसमोर सांगा, साहेब, हा आवाज कुणाचा?"

प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजत होती. साहेबाच्या हनुवटीवरून फेस गळत होता.

यादी संपली. गाडीतला प्लेअर एकच गोष्ट परत परत लावायचा, तो पहिल्यापासून सुरू झाला.

"साहेब…"