शेवटचा बाक

“दोनच दिवस थांब गं एलोईसा. सोमवारी परीक्षा, मंगळवारी खुशाल जा.”

“गाडी शनिवारची आहे, मावशी. औरेलिओ काही थांबायचा नाही.”

रोसाउराच्या हातातला बटाटा अर्धा सोललेलाच राहिला.

सहा वर्षं दोघी विद्यापीठात कायद्याच्या वर्गात बसत होत्या. शेवटचा बाक, मध्ये विणकामाच्या लोकरीची पिशवी. नियमच होता तसा. बाई शिकायला आली तर नात्यातली दुसरी बाई सोबत हवी, नाहीतर दारातूनच परत. आणि या दोघींना तर एकमेकींवाचून नात्यातली बाई उरलीच नव्हती.

त्यांच्या पुढचा बाक सहा वर्षांत कुणी घेतला नाही. पोरं एलोईसाकडे वळून वळून बघायची आणि रोसाउराला म्हणायची, “काय आजीबाई, घरी नातवंडं नाहीत वाटतं?” प्रोफेसर त्या बाकाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

नवरा गेल्यावर रोसाउरानं न वाचता एका कागदावर सही केली आणि दिरानं तिचं दुकान गिळलं. तेव्हापासून तिचा एकच ध्यास होता. या घरातली एक बाई वकील झाली पाहिजे. संध्याकाळी एलोईसा पुस्तक उघडून बसायची, मावशी स्वयंपाक करता करता कलमं म्हणायची आणि चुकली की एलोईसा खो खो हसायची.

“सहा वर्षं पाण्यात जातील गं!”

“जाऊ देत! मला कुठं वकील व्हायचं होतं? सतराव्या वर्षी बसवलंस त्या बाकावर, आता तेविसावं सरलं. वर्गात एक माणूस बोललं का माझ्याशी?”

“माझ्याशी तरी कोण बोललं?”

मग दोघीही रडल्या. पण गाडी शनिवारचीच राहिली.

सकाळी चर्चमध्ये एलोईसाचं औरेलिओशी लग्न लागलं, दुपारी स्टेशनवर निरोप झाला. तिनं गाडीच्या खिडकीतून हात हलवला. तिच्या मांडीवर लोकरीची पिशवी होती.

रविवारी रोसाउरानं सवयीनं दोघींपुरतं बटाट्याचं सूप केलं. एक वाटी प्याली. पातेल्यात उरलेलं सूप झाकून ठेवलं. घर खायला उठलं होतं.

सोमवारी काळी शाल पांघरून ती विद्यापीठाच्या दारात उभी राहिली. पहारेकरी सेगुंदो सहा वर्षं रोज दोघींची नावं वहीत लिहून घ्यायचा. त्यानं तिच्या मागे रस्त्यावर नजर टाकली.

“एलोईसा कुठाय?”

“लग्न झालं तिचं. ग्वायाकिलला गेली.”

“अरे देवा! आणि आज परीक्षा!”

“मला जाऊ दे आत, सेगुंदो. आजचा एकच दिवस. तुझ्या पाया पडते.”

सेगुंदोनं टोपी काढली. वही उघडली, दौतीत टाक बुडवला आणि तसाच हातात धरून राहिला.

“नियम काही मी केला नाही, रोसाउराबाई,” तो खाली बघत म्हणाला. “विद्यार्थिनीच्या रकान्यात रोजच्यासारखं तुमचं नाव लिहितो. सोबतिणीच्या रकान्यात कुणाचं लिहू?”