मुंगीएवढी अक्षरं

"अरे, पण याला पाठच नाही!" चिरंजिवांनी आणलेलं पुस्तकं वाचायचं यंत्र बाबांनी उलटंपालटं करून पाहिलं. "शिवण नाही, पुठ्ठा नाही. हे कसलं रे पुस्तक?"

बाबांची सगळी हयात पुस्तकांच्या बाइंडिंगमध्ये गेलेली. ज्याला खळीचा वास नाही त्याला पुस्तक म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं.

"पाठ नसली तरी पोट मोठं आहे," चिरंजीव म्हणाले. "शेकडो पुस्तकं मावतात. धूळ नाही, कसर नाही. आणि अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. आता तुमचं तुम्ही वाचा, बाबा. हिच्या घशाला जरा सुट्टी द्या."

ही म्हणजे सूनबाई. दिवसभर शाळेत पोरांपुढे ओरडायचं आणि घरी आल्यावर चहा घेता घेता सासऱ्यांना रहस्यकथा वाचून दाखवायची, हा तिचा नेम. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण छापील बारीक अक्षर काही नीट दिसेना, तेव्हापासूनचा.

"बरंच झालं की," सूनबाई हसून म्हणाली. "मलाही तासभर आडवं होता येईल."

म्हणजे संध्याकाळचं वाचन बंद, हे बाबांच्या लक्षात आलं. वरवर मात्र म्हणाले, "हो, हो. बरंच झालं."

सूनबाई वाचायची तरी कशी! इन्स्पेक्टर आला की आवाज घोगरा, म्हातारी साक्षीदार आली की नाकातून. मधेच थांबून विचारायची, "बोला बाबा, खुनी कोण?" जो हरेल त्याने सकाळचा चहा करायचा. बायको गेल्यापासून बाबांशी असं हक्काने भांडणारं कोणी उरलं नव्हतं. त्या एका तासाची ते दिवसभर वाट बघत.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं, तसं बाबांनी यंत्र हातात घेतलं. इकडे दाब, तिकडे दाब करता करता अक्षरं बोराएवढी झाली. लख्ख दिसायला लागली. एक प्रकरण झालं, दुसरं झालं. हात भरून आले नाहीत, डोळ्यांना पाणी आलं नाही. यंत्र चांगलं होतं, हेच वाईट होतं.

शाळा सुटायची वेळ झाली आणि बाबांनी अक्षरं पार मुंगीएवढी करून टाकली.

"काय बाबा, वाचलंत का?" सूनबाईने आल्या आल्या विचारलं.

"कुठलं! नुसत्या मुंग्या. मोठं करायला जावं तर आणखीच बारीक होतं."

"असं होय?" तिने यंत्र निरखून पाहिलं आणि खुर्ची ओढली. "आणा इकडे. मीच वाचते."

झालं! रोज तेच सुरू झालं. दुपारी बोरं, संध्याकाळी मुंग्या. खुनी कोण ते बाबांना दुपारीच कळलेलं असायचं. मग संध्याकाळी मुद्दाम भलत्याचंच नाव घ्यायचं आणि सकाळी मुकाट चहा करायचा. एवढं पाप केल्यावर माणसाने चहा तरी करावा.

पण चिरंजीव कसले गप्प बसतात! "रविवारी मी स्वतः शिकवतो तुम्हाला, बघू कसं येत नाही ते," असं त्यांनी जाहीर केलं. बाबांनी शनिवारपर्यंत बॅटरी उतरू दिली आणि चार्जर आपल्या उशीखाली सरकवला. रविवारी चिरंजिवांनी घर पालथं घातलं. शेवटी बाबांची उशीसुद्धा उचलली. बाबांनी डोळेच मिटून घेतले.

उशीखाली काहीच नव्हतं.

चार्जर रविवार सरल्यावर सापडला तो स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे, आणि शिकवणी बारगळली. मी कधी ठेवला तिथे? बाबा मनातून चरकले. वय झालं, दुसरं काय.

आणि मग एका संध्याकाळी इन्स्पेक्टरचं बोलणं वाचता वाचता सूनबाईचा आवाज बसला. ती घोटभर पाणी प्यायली आणि पुन्हा वाचू लागली. बाबांचं गोष्टीतलं लक्ष उडालं. आपल्या हौसेपायी या पोरीचा घसा सोलून काढतोय आपण! खुनी कोण हे शोधायला आता पुस्तक कशाला हवं? त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मन घट्ट केलं. अक्षरं बोराएवढीच ठेवली आणि यंत्र उघडं करून तिच्या खुर्चीवर ठेवून दिलं. तोंडाने सांगायचा धीर नव्हता. पोरगी हुशार आहे, बघताक्षणी समजेल. मग आपण एवढंच म्हणायचं, "मला दिसतंय गं सगळं. तू पड जरा." दुपारभर ते हेच वाक्य घोकत बसले होते.

सूनबाईची चप्पल दारात वाजली आणि बाबा लगबगीने चहा टाकायला आत गेले. तोंड दाखवायची लाज वाटत होती. चहा उकळून उकळून काळा झाला तेव्हा कुठे ते कप घेऊन बाहेर आले. ती खुर्चीत बसली होती, यंत्र मांडीवर.

"पाहिलंस ना?" बाबांनी कप हातातच धरून विचारलं.

"पाहिलं." तिने यंत्र त्यांच्यापुढे धरलं. "पुन्हा मुंग्या."

बाबांनी कप खाली ठेवले, चष्मा सारखा केला आणि वाकून बघितलं. मुंग्याच होत्या.

"आणि बाबा," सूनबाई पान शोधता शोधता हळूच म्हणाली, "चार्जर उशीखाली नका ठेवत जाऊ. ह्यांना तिथे लगेच सापडेल."