आत माणूस आहे

“गॅस सोड!” कॅप्टन वरून फोनवर ओरडला. “माझा हुकूम आहे!”

मालवाहू जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली होती. सगळी दारं बंद करून आत कार्बन डायऑक्साइड सोडला की आग विझते, पण आत माणूस असेल तर तोही गुदमरून मरतो. आणि यंत्रांना तेलपाणी करणारे वयस्क दाऊद मुकादम अजून आतच होते.

“मुकादमचाचा बाहेर आलेले नाहीत, सर,” सेकंड इंजिनियर सुलक्षणा पावसकर म्हणाली.

“एका माणसापायी जहाज घालवू? सोड म्हणतो ना!”

सुलक्षणाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने फोन आदळला, गॅसच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. तोंडावर मास्क चढवून ती धुरात शिरली. पंपामागे पडलेल्या मुकादमांना तिने काखेत हात घालून फरफटत बाहेर आणलं, दार घट्ट लावलं आणि मग स्वतःच्या हाताने गॅस सोडला. आग विझली.

डेकवर मुकादम खोकत उठून बसले, तेव्हा कुठे कॅप्टन खाली आला. सगळ्यांदेखत त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नका, चाचा. तुमच्यासाठीच थांबलो होतो आम्ही.”

“खोटं!” सुलक्षणा कडाडली. “चाचा, तुम्ही आत आहात हे सांगूनसुद्धा यांनी मला गॅस सोडायला सांगितलं होतं!”

मुकादमांनी कॅप्टनकडे वर पाहिलं आणि खांद्यावरचा त्याचा हात उचलून बाजूला केला.