नमुन्याला आप्पासाहेब

"नमुना म्हणून आपल्या आप्पासाहेबांचीच चौकशी मागवू," दाऊदभाई म्हणाले, आणि नानासाहेबांनी गादीवर थाप मारली. "बेस! आत्ता कसं बोललात!"

आप्पासाहेब हसले. हसतील नाही तर काय करतील?

गुलमंडीवर आप्पासाहेबांच्या कापडदुकानात बैठक चालली होती. दाऊदभाईंचं हिमरूच्या शालींचं दुकान समोरच, नानासाहेबांची धान्याची अडत मोंढ्याच्या बाजारात. तिघांची पंचवीस वर्षांची उठबस. हैदराबादेत एक नवी कंपनी निघाली होती. कुठल्या व्यापाऱ्याची पत कशी, कुणाला उधार द्यावं, कुणाला देऊ नये, याची चौकशी करायची आणि मुंबईच्या गिरण्यांना लेखी कळवायचं, हा तिचा धंदा. तिचे शेअर विकायला निघाले होते. दाऊदभाई आणि नानासाहेब मिळून पाच हजार घालणार होते. त्यातले तीन दाऊदभाईंच्या पोरीच्या, रईसाच्या लग्नाचे. कंपनी पारखायचं काम दोघांनी आप्पासाहेबांवर टाकलं होतं.

ते त्यांनी मन लावून केलंही होतं. पोलीस ॲक्शनला सात वर्षं झाली होती. मुंबईचा माल आता सरळ इकडं येत होता, पण इकडचा व्यापारी मुंबईवाल्यांच्या ओळखीचा नव्हता. म्हणजे कंपनीला गिऱ्हाईक पक्कं. गोदाम नको, माल सडायची भीती नको, आणि एकदा लिहिलेली माहिती दहा जणांना विकता येते. धंदा झकास होता. एकच गोष्ट बघायची राहिली होती : कंपनी लिहिते ते खरं असतं का?

"ते बघायला आपल्याला आतून-बाहेरून ठाऊक असलेला माणूसच पाहिजे," दाऊदभाई म्हणाले.

"मला तर बुवा, ही कंपनी कच्चीच वाटते," आप्पासाहेब म्हणाले.

"घ्या! आत्ता तर झकास म्हणत होतात. आठ दिवसांचा तर सवाल हाय. चौकशीची फी मी भरतो," दाऊदभाई म्हणाले.

उठता उठता दाऊदभाईंनी घरच्या उशांसाठी चार वार मांजरपाट मागितलं. आप्पासाहेबांची नजर उगाच वर गेली.

"वरचं राहू द्या. खालच्या कप्प्यातलं द्या. आपल्याला काय, कुठलंबी चालतं," दाऊदभाई म्हणाले.

दोघं गेले, तरी आप्पासाहेबांची नजर वरच खिळलेली होती.

वरच्या दोन कप्प्यांत चाळीस तागे उभे होते. बाहेरून दीड वार कापड आणि आत लाकडाची फळकुटं! हैदराबादच्या एका अडत्याकडं अडकलेली रक्कम बुडाली, तेव्हापासून दुकान आतून पोखरत गेलं होतं. मुंबईची एक गिरणी अजून उधारीवर माल देत होती. त्यावर खालचा कप्पा भरायचा आणि घरची चूल पेटायची. चौकशीत खरं उतरलं की कंपनी ते गिरणीलाही कळवणार, मग तो माल बंद, म्हणजे दुकानच बंद. कंपनी खरी निघाली तर आप्पासाहेब बुडणार, आणि आप्पासाहेब तरले तर कंपनी खोटी. असला पेच दुश्मनावरसुद्धा येऊ नये.

चौथ्या दिवशी दुपारी कंपनीचा इथला माणूस आला. गयास त्याचं नाव. बगलेत वही, कोपरावर विरलेली शेरवानी.

"माल बघायचा आणि आजूबाजूच्या चार दुकानांत विचारायचं, असा कायदा हाय आमचा," तो म्हणाला. "आधी माल बघतो. तो वरचा निळा तागा जरा काढता का?"

"त्याला भिंतीची ओल लागलीय."

"मग शेजारचा काढा."

"बसा जरा. आलोच," आप्पासाहेब म्हणाले आणि मागच्या दारानं घरात गेले.

आवडाबाई तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मोरीत जाऊन साबण लावून हातातल्या पाटल्या उतरवल्या.

"ह्या शेवटच्या," एवढंच म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी रुमालाची पुरचुंडी गयासपुढं ठेवली. त्यानं गाठ सोडून आत बघितलं.

"चार महिन्यांचा पगार थकलाय माझा, आप्पासाहेब. नायतर मी..."

"मी काही विचारलं का तुम्हाला?"

पुरचुंडी खिशात गेली. गयासनं वर बघितलं नाही, आणि शेजारच्या चार दुकानांतही तो गेला नाही.

दुकान वाचलं होतं, पण आप्पासाहेबांना आता दुसराच घोर लागला. नोकरांचे पगार थकवणारी, दोन पाटल्यांवर फिरणारी कंपनी, आणि हिच्यात रईसाच्या लग्नाचे पैसे जाणार! कंपनी खोटी हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. पण ते कसं ठाऊक झालं, हे सांगायला तोंड कुठं होतं? लाज वाटत होती, मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. त्यात दाऊदभाई रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन बसायचे.

"काय आप्पासाहेब? खरं लिहितील ना हे लोक? काय असंल ते आत्ताच सांगून टाका."

"लिहितील की," आप्पासाहेब म्हणायचे आणि कापड मोजायचा गज पुसत बसायचे.

आठव्या दिवशी लिफाफा आला आणि तिघं पुन्हा दुकानात बसले. नानासाहेबांनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं : "असामी भक्कम. दुकान खालपासून वरपर्यंत मालानं भरलेलं. कुणाचं देणं नाही. कितीही रकमेचा भरवसा धरण्यास हरकत नाही."

नानासाहेबांनी चष्मा काढला. आप्पासाहेबांच्या डोळ्यांपुढं रईसा आली, फ्रॉकच्या कापडासाठी याच गादीवर लोळून रडणारी.

"दाऊदभाई," ते कसंबसं म्हणाले, "पोरीचे पैसे नका घालू यात."

का, असं दाऊदभाईंनी विचारलं नाही. त्यांनी कागदाची घडी केली.

"नाय घालत. कंपनी बाद."

आप्पासाहेब गोंधळले. "पण चौकशी तर चांगली आलीय!"

"म्हणून तर," दाऊदभाई म्हणाले. "तुमच्या वरच्या कप्प्यांत फळकुटं हायेत, हे अख्ख्या गुलमंडीला दोन वर्षांपासून ठाऊक हाय. ह्यांनाच तेवढं कळलं नाय."